मूठ जाईल एवढी फट

पिल्लू घरी आलं तेव्हा मंडईच्या जत्रांचे दिवस होते. दिवाळी उलटून गेली होती, धान कापून पुंजणी लागली होती, रात्री लांबच्या कुठल्यातरी गावातून नाटकाचा भोंगा ऐकू यायचा. गल्लीतली पांढरी कुत्री जुन्या तणसाच्या ढिगाआड व्याली होती. पाच पिल्लं. त्यांतलं भुरकट रंगाचं एक, दोन महिन्यांचं होताच, माझ्या मुलीनं ओढणीत गुंडाळून आणलं आणि आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, मांडीवर ठेवलं. नाव आपोआपच पडलं, भुऱ्या.

त्याच संध्याकाळी मी टेप घेऊन घरामागच्या सांदवाडीत उतरले, आणि मामाजींचा नि माझा जो वाद सुरू झाला तो पुढं कितीतरी महिने चालला. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म याच गावातला, सानगडीतला, आणि सारं आयुष्य धानात गेलेलं. मी लग्न होऊन नागपूरहून आलेली, शाळेत शिकवणारी. आमच्यात आवाज कधी चढला नाही. पण दोघांनाही आपलं म्हणणं मनापासून खरं वाटत होतं, आणि दोघांनाही ते पिल्लू तितकंच प्रिय होतं. म्हणून हा वाद लिहून ठेवावासा वाटला.

सांदवाडी साधारण साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद. एका अंगाला शेजाऱ्यांची मातीची भिंत. दुसऱ्या अंगाला बेशरमाची झाडं, उगवतील तशी वाढू दिलेली. मागं बांबूचा जुना कूड, बुडाशी उधईनं खाल्लेला. पुढं रस्त्यावर उघडणारं लोखंडी फाटक. आत केळी, लिंबू, वालाचा वेल, आणि कमरेपेक्षा खाली बसलेल्या काठाची विहीर. मोठ्या माणसाच्या उंचीवरून पाहिलं तर ही वाडी चारी बाजूंनी बंद दिसते. मलाही तशीच दिसली होती.

"टेप कशाले?" मामाजींनी ओसरीवरून विचारलं.

"जाळी आणायचीय. पिल्लासाठी कुंपण करून घेते."

"कुत्र्याले कुंपन? कुंपन ढोरायसाठी असते, सूनबाई. बांधीत ढोर शिरू नये मनून कुंपन. कुत्रं तं सोताच घराचं कुंपन हाये. त्याले कोंडलं तं घर कोन राखन?"

"राखायला तो अजून दोन महिन्यांचा आहे, मामाजी. आत्ता त्यालाच राखावं लागेल."

"त्याले त्याची माय राखते. गल्ली राखते. आपला काळ्या आठवते का? चवदा वर्सं जगला. ना साखळी, ना जाळी. सकाळी माह्यासंगं बांधीवर, दुपारी तलावाच्या पाळीवर, रात्री ओसरीवर. सारं गाव त्याले ओळखे. कोंडलेलं कुत्रं मानूस ओळखत नाई, सावलीवर भुंकते."

काळ्याला मी पाहिलेलं आहे. माझ्या लग्नात तो मांडवात झोपला होता. म्हणून या बोलण्याला पटकन उत्तर देणं मला जड गेलं. तरी मी विचारलं, "मग कोंबड्यांना रोज संध्याकाळी खुराड्यात का घालता?"

"मुंगूस नेते मनून."

"आणि पिल्लाला काही नेत नाही?"

मामाजी म्हणाले, कोंबडी येडी असते, कुत्रं शहाणं असते. त्यांच्या मते शहाणपण जन्मासोबत येतं. मला वाटतं ते जगत जगत येतं, आणि तेवढं जगायला आधी वेळ मिळावा लागतो. आमच्या सगळ्या वादाचं मूळ इथंच होतं.

त्या रात्री जेवताना मी आत्याबाईंना सहज विचारलं, "काळ्याच्या वेतात पिल्लं किती होती?"

आत्याबाईंनी बोटं मोजली. सहा. एक थंडीत गेलं. एक आमच्याच विहिरीत पडलं. एक रस्त्यावर ट्रॅक्टरखाली आलं. दोघं आजारी पडून आठवड्याच्या अंतरानं गेली, रक्ताची हगवण लागली होती. आणि उरला तो काळ्या. हे सांगताना त्यांचा हात ताटातच थांबला. मामाजी काही बोलले नाहीत. विहिरीतलं पिल्लू त्यांनीच बादली सोडून वर काढलं होतं, हे मला नंतर कळलं.

आपण कुत्र्यांबद्दल बोलतो तेव्हा नेहमी जगलेल्या कुत्र्याबद्दल बोलतो. जे जगलं नाही त्याला नाव नसतं, त्यामुळं त्याची आठवणही निघत नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांच्या 95 वेतांतली 364 पिल्लं वाढताना पाहिली आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. वयात येईपर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, त्यांतली फक्त 19 टक्के टिकली. गेलेल्यांपैकी 63 टक्के पिल्लांच्या मरणात माणसाचा काही ना काही हात होता. गाडी, विष, मार, कुणीतरी उचलून नेणं. आमच्या घरचा हिशेब सहातून एक. बंगालच्या हिशेबाहून तो वेगळा नाही.

दुसऱ्या दिवशी मी हा आकडा मामाजींना सांगितला. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "आन जाळी. पन त्याले जन्मभर जाळीत ठेवशीन तं मी ऐकनार नाई."

मी साकोलीहून चार फुटी तारेची जाळी आणली, लोखंडी खांब रोवून घेतले, बेशरमाच्या आणि कुडाच्या अंगानं ती ताणून बांधली. दोन दिवसांत काम झालं. मनात मोठं समाधान होतं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पिल्लू नाही.

मुलगी रडत गल्लीभर हाका मारत होती. मी रस्त्याकडं धावले, मग विहिरीकडं. विहिरीत वाकून पाहताना पायांतलं बळ गेलं, ते अजून आठवतं. मामाजी मात्र धावले नाहीत. ते वाडीत उकिडवे बसले आणि कुंपणाच्या बुडाशी नजर लावून हळूहळू सरकत गेले. न्हाणीचं पाणी केळीला जातं ती नाली जिथं जाळीखालून बाहेर पडते तिथं ते थांबले. ओल्या चिखलात चार बारीक पंजे उमटलेले होते. पिल्लू सापडलं शेजारच्या तणसाच्या ढिगात, जिथं जन्मलं तिथंच, आईच्या वासाजवळ झोपलेलं.

"तू कुंपन वरून मापलं," मामाजी मला म्हणाले. "पिल्लू खालून चालते."

मग त्यांनी मूठ वळली आणि नालीच्या तोंडात घातली. ती सहज आत गेली. "खुराडं करताना माही माय सांगे, जिथं मूठ जाते तिथून मुंगूस जाते. पिल्लाचं डोस्कंही मुठीएवढंच. डोस्कं गेलं मंग आंग ओढून घ्याले त्याले येळ लागत नाई."

ज्यांना कुंपण नको होतं त्यांनीच मला कुंपण कसं पाहायचं ते शिकवलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं वाडीभर मूठ घेऊन फिरलो आणि मूठ जाईल अशा अकरा जागा निघाल्या. फाटकाखाली चार बोटं उंचीची फट. फाटकाचा खांब आणि भिंत यांमधली उभी फट. मातीच्या भिंतीत घुशीनं पाडलेली दोन बिळं. केळीखालची नाली. खांबापाशी जाळी सैल पडून झालेली पिशवी. कुडाच्या बुडाशी कुजलेल्या बांबूंमधल्या जागा, त्या तर ओळीनंच होत्या. मी जी चार फुटांची उंची मापून खूश झाले होते, तिचा एकाही जागी काही उपयोग नव्हता.

दुरुस्तीचं काम आठ दिवस पुरलं. त्यात सगळ्यात जास्त कष्ट जमिनीच्या वीतभर वर आणि वीतभर खाली होते. जाळीला खालून फूटभर जास्तीची पट्टी जोडली आणि ती आतल्या बाजूला वाकवून मातीखाली आडवी पसरली, वर दगड ठेवले, त्यावर माती चोपली. याचं कारण साधं आहे. पिल्लू उकरतं ते कुंपणाला नाक लावून, अगदी बुडाशी. तिथं उकरलं की नखांना जाळी लागते. फूटभर मागं सरून तिथून भुयार काढावं हे त्याला सुचत नाही. दोनदा प्रयत्न करून ते सोडून देतं. भुऱ्यानं कढीपत्त्याजवळ चारदा प्रयत्न केला, पाचव्यांदा त्या जागी निजला.

नालीला दोन इंची पाइप टाकला. पाणी जातं, पिल्लू जात नाही. फक्त पाला अडकतो, तो आठवड्यातून एकदा काढावा लागतो. फाटकाखाली सागाची फळी उंबरठ्यासारखी गाडली. फाटक कुणीही उघडं टाकून जातं, दूधवाला, मुलं, मी स्वतः घाईत. म्हणून मामाजींनी फाटकाला दोरी बांधली, ती खांबावरच्या कप्पीवरून नेली आणि तिच्या टोकाला वीट लटकवली. सोडलं की फाटक आपसूक मिटतं. विहिरीच्या काठावर लोखंडी चौकट आणि जाळीचं झाकण बसवलं. ते काम सगळ्यात आधी झालं. कुणी सांगावं लागलं नाही.

मागचा कूड मी काढून टाकणार होते, तिथं नुसती जाळीच ठेवणार होते. मामाजींनी अडवलं. "बांबू वाईट नाई. अवेळी तोडलेला बांबू वाईट." आणि मग त्यांनी बांबूबद्दल जे सांगितलं ते मी वहीत उतरवून ठेवलं. पावसाळ्यात बेटातून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, फुटत असतात, बांबू रसानं भरलेला असतो. तेव्हा तोडला की किडा लागतो. हिवाळ्यात तोडावा, आणि तीन वर्षांहून जुना निवडावा. मग तो काही आठवडे बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे आतला गोड रस पाण्यात उतरतो आणि किड्याला खायला उरत नाही. वाळल्यावर जमिनीत जाणारं टोक आगीवर काळं होईस्तोवर फिरवावं, वर डांबर लावावं. गावोगावच्या मालगुजारी तलावांचं, बोड्यांचं पाणी शेतीला लागतं एवढंच मला माहीत होतं. त्याच पाण्यात कुंपणही मुरवतात, हे नवीन होतं. बुरडाकडून तट्टे विणून आणले आणि ते जाळीला आतून बांधले. आता उंची साडेपाच फूट झाली, कारण आज जे पिल्लू उकरतं ते सहा महिन्यांनी उडी मारणार आहे, आणि गावठी कुत्रं चार फूट सहज पार करतं.

तट्ट्यांवरूनही आमचं पटलं नाही. मी म्हणत होते, रस्त्याच्या बाजूला पूर्ण झाकून टाकू. समोरून जाणारं प्रत्येक माणूस, प्रत्येक सायकल दिसत राहिली आणि तिथवर पोचता आलं नाही, की कुत्रं जाळीशी धावत भुंकायला शिकतं आणि ती सवय मग जात नाही. मामाजी म्हणत, "दिसू दे त्याले. मानसं पाहूनच तं मानसं कळतेत." दोघांच्याही म्हणण्यात खरं होतं. शेवटी फाटकाच्या डाव्या अंगाला सहा फूट जागा उघडी ठेवली, जिथं मामाजी खाट टाकून बसतात. त्यांच्याजवळ बसून भुऱ्या रस्ता पाहतो. येणारा जाणारा थांबतो, मामाजींशी बोलतो, जाळीतून हात पुढं करतो. तो एकटा असला की समोर तट्टा असतो.

झाडांच्या कुंपणाबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचं आहे, कारण ते आपल्याकडं फार निष्काळजीपणे लावलं जातं. कुंपणाला कण्हेर लावतात, फुलं येतात, ढोरं खात नाहीत, म्हणून ती सगळ्यांना आवडते. ढोरं खात नाहीत कारण ती विषारी आहे. तिच्या पानांत, सालीत, फुलांत हृदयाची गती बिघडवणारं विष असतं. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बियाही तशाच. दात येणारं पिल्लू समोर येईल ते चावतं. आमची बेशरमाची ओळही मी काढायला लावली. बेशरम शेळ्यामेंढ्यांना खायला मिळाला तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे पशुवैद्यकांना ठाऊक आहे. तिथं आता मेंदी लावली आहे. काटेरी तार नको. खालून सरपटताना पिल्लाचा डोळा आणि कान आधी फाटतात. आणि सरपणाचा, विटांचा ढीग कुंपणाला टेकवून ठेवू नये. पिल्लाला तो जिना होतो, आणि धानाच्या मुलखात तिथं उंदीर, उंदरामागं घोणस नाहीतर नाग येतोच. धानाच्या बांधीत उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइडचं आमिष हेही कुंपण हवं असण्याचं मोठं कारण आहे. त्यावर उतारा नाही.

एक दिवस ओळखीचे एक शेतकरी आले. काम पाहून म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, एक तार लावा, करंट सोडा, कुत्रंही बाहेर जाणार नाही, डुक्करही आत येणार नाही. मी काही बोलण्याआधी मामाजी खाटेवरून उठले.

"माह्या वाडीत करंट नाई. ते तोंडातून पुन्हा काढू नोका."

त्या बाबतीत आम्ही दोघं पहिल्यापासून एक होतो. रानडुकरं धान उकरतात, शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याची भरपाई वेळेवर मिळायला हवी. पण कुंपणात थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि ती वीज डुक्कर पाहून मारत नाही. नागझिऱ्यातून 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात गेलेला जय वाघ सगळ्या विदर्भाला माहीत होता. त्याचाच बछडा श्रीनिवास एप्रिल 2017 मध्ये नागभीडकडं एका शेताच्या कुंपणातल्या विजेनं मेला. माणसंही मेली आहेत, स्वतःच्याच शेतात रात्री पाणी पाहायला गेलेली. सौर झटका मशीनची गोष्ट वेगळी. तिचा झटका क्षणाचा असतो, ती शेताला चालते. पण घराच्या वाडीत, वीतभर उंचीवर, पिल्लाच्या ओल्या नाकासमोर ती तार नको. तारेत अडकलेलं पिल्लू मागं सरू शकत नाही, झटके घेत राहतं.

मग बिबट्याचा प्रश्न निघाला, आणि तिथं मामाजी पूर्ण बरोबर ठरले.

"तुही साडेपाच फुटाची जाळी बिबट्याले का करन? तोंडात बकरी धरून तो झाडावर चढते."

नवेगाव आणि नागझिऱ्याची रानं आमच्यापासून फार लांब नाहीत. डिसेंबर 2013 मध्ये ही दोन्ही जोडून राज्यातला पाचवा व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ रानात राहतो, बिबट गावाच्या कडेनं राहायला शिकतो, आणि कडेला त्याला सगळ्यात सोपं भक्ष्य म्हणजे कुत्रं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, उसाच्या आणि माणसांच्या दाट वस्तीत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबानं त्यांच्या खाण्यात 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्या भागात कुत्र्यांहून कितीतरी जास्त, तरी खाण्यात कुत्री पुढं. कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं बाहेर असतं.

हे मी मामाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग जाळी कशाले? दार लाव."

त्यांचं खरं होतं. कुंपण दिवसाचं आहे, दार रात्रीचं. ही साधी गोष्ट मी माझ्या सगळ्या मापांत विसरले होते. त्या दिवसापासून दिवेलागणीला भुऱ्या घरात येतो. धानाची पोती ठेवतो त्या खोलीत त्याचं गोणपाट आहे. ज्या मामाजींनी काळ्याला चौदा वर्षं ओसरीवर निजवलं, तेच आता रोज कडी लावली का ते उठून पाहतात. पण काळ्याला बाहेर ठेवलं यात चूक झाली असं ते मानत नाहीत. "तवा बिबट एवढा जवळ येत नव्हता," एवढंच म्हणतात. मी त्यावर वाद घालत नाही.

सगळ्यात लांब वाद झाला तो कुंपण कुणासाठी, यावर. मी म्हटलं, ते फक्त भुऱ्यासाठी नाही. माझ्या शाळेतली मुलं याच रस्त्यानं जातात. दोन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस झालेली नसते, ती तीन महिन्यांनंतर देतात. तोवर त्याला गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्यानं चावावं आणि त्यानं खेळता खेळता एखाद्या मुलाला ओरखडावं, हे मला मान्य नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की वाचवता येत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांना भिंत-कुंपण घालून मोकाट कुत्र्यांपासून सुरक्षित करायला सांगितलं. मुलांना कुत्र्यांपासून वाचवायला शाळेनं भिंत बांधायची, ही पाळी आपण कुत्री पाळून वाऱ्यावर सोडतो म्हणूनही आली आहे.

आणि रान. नागझिऱ्याची रानकुत्री प्रसिद्ध आहेत. ती आपल्या कुत्र्यांच्या लांबच्या नात्यातली, त्यामुळं आपल्या कुत्र्यांचे रोग त्यांना लागतात. डिस्टेंपर हा त्यातला वाईट रोग. 2018 मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले, आणि त्यांतल्या काहींत याच रोगाचा विषाणू सापडला. लस न दिलेलं कुत्रं चितळामागं रानात शिरतं तेव्हा ते पाणवठ्यावर काय ठेवून येतं हे त्याला कळत नाही. पण ते आपल्याला कळतं.

मामाजींनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सूनबाई, हे सारं खरं. पन कोंडलेल्या जिवाचं बी कोनीतरी बोललं पायजे. लोकं कुंपन करतेत आन मंग त्याच्याकडं पाहत नाईत. कुंपन झालं मंजे काम झालं. कुत्रं तिथंच हगते, तिथंच भुंकते, तिथंच मरते."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण नागपुरात मी अशी कुत्री पाहिली आहेत. आपला कायदाही हे ओळखतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणं आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं हाही. पिल्लाच्या वाढीचं शास्त्रही मामाजींच्या बाजूचं आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, त्याचं त्याला पुढं भय वाटत नाही. बैल, सायकल, छत्री, लहान मूल, बँडबाजा, सगळं त्याच दिवसांत ओळखीचं व्हावं लागतं. आणि नेमके तेच दिवस लस पूर्ण न झाल्याचे. म्हणून मामाजींनी तोड काढली. रोज सकाळी ते भुऱ्याला हातावर, मग लस पुरी झाल्यावर दोरीनं, घेऊन निघतात. गावातल्या किल्ल्याच्या टेकडीच्या बाजूनं, पडक्या तटाखालून, तलावाच्या पाळीवरून घरी. वाटेत थांबतात, लोकांना हात लावू देतात, बैलाजवळ बसवतात. दीड तास. पाऊस असला तरी. त्या दीड तासाशिवाय माझं कुंपण नुसता कोंडवाडा ठरलं असतं, हे मी त्यांच्याजवळ कबूल केलं आहे.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं, भुऱ्या वर्षाचा झाला, नसबंदी झाली, लसी झाल्या, की दिवसा फाटक उघडं ठेवू. माझं म्हणणं, नाही. रस्त्यावरचे ट्रॅक्टर वर्षानं कमी होणार नाहीत. यावर आम्ही रोज बोलतो आणि रोज अर्ध्यावर थांबतो.

जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला. आमच्या भागात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पडतो, आणि तो चोपलेली माती कशी नेतो ते धान लावणाऱ्यांना सांगायला नको. सकाळी वाडीत गेले तर मामाजी आधीच तिथं होते. डोक्यावर पोतं घेतलं होतं. कुंपणाच्या बुडाशी मूठ टेकवत ते सरकत होते. तीन ठिकाणी माती वाहून जाळीखाली फट पडली होती. मी दगड आणले. भुऱ्या तट्ट्याला पाठ लावून आम्हाला पाहत होता. त्याच्या वेतातली बाकीची चार पिल्लं मोकळी वाढली. त्यांतलं गल्लीत आज एक उरलं आहे. त्याला आम्ही जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस दिली. ते कुणाच्या घरचं नाही.

तुमच्या घरी पिल्लू येणार असेल तर ते आणण्याच्या आदल्या दिवशी एवढं करा. अंगणात उकिडवे बसा, मूठ वळा, आणि कुंपणाच्या बुडाशी चारी बाजूंनी एक फेरी मारा. विहिरीवर झाकण आहे का ते त्याआधी पाहा.